साफ बसलेला पॅच

टेकचंद, तुझी शोकसभा झाली. मी होतो. अगदीच टुकार झाली.

कंपनीनं ती ऑनलाइन घेतली, म्हणजे कोणाला खुर्चीवरून उठायची तसदी नको. पडद्यावर चौकोनाचौकोनात तोंडं. मधोमध तुझा फोटो, तोच ओळखपत्रावरचा, ज्यात तू चोरी करताना पकडल्यासारखा दिसतोस. फोटोखाली कोणीतरी हलणारी मेणबत्ती लावली होती. एकजण माइक बंद करायला विसरला अन् तुझ्यासाठीच्या मौनात त्याच्या घरच्या कुकरची शिट्टी सगळ्यांनी मान खाली घालून ऐकली. मग पुण्याचे आपले साहेब बोलले. "टेकचंदजींच्या हातून कधी चूक झाली नाही," म्हणाले. ज्या माणसानं तुझा एक पॅच कधी वरपासून खालपर्यंत वाचला नाही, त्याला तुझी चूक दिसणार कुठून? पण सगळ्या चौकोनांनी माना डोलावल्या.

मी माइक उघडून सांगणार होतो, की अहो, हा माणूस नेहमी चुकायचा अन् वर स्वतःच बोंबलून जगाला सांगायचा. पण त्यातल्या एका चौकोनात तुझ्या घरून दुर्गावहिनी बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, कॅमेऱ्याकडे सोडून भलतीकडेच बघत. म्हणून गप्प बसलो.

फुलचूरच्या तुझ्या घरी बसायला येणाऱ्यांनी तर कहर केला. गल्लीच्या तोंडाशी दुकान टाकलेला तो किराणावाला आला अन् रुमालानं डोळे टिपत म्हणाला, "बहुत शरीफ आदमी था. कभी ऊँची आवाज में बात नहीं की." तू? तुझी माझी वादावादी सुरू झाली की हाच माणूस दुकानातून ओरडायचा, "अरे भैया, झगड़ा हो गया क्या?" तुझा गोरेगावकडचा काका तर त्याच्याही वरताण. भिंतीला टेकून सगळ्यांना सांगत होता, "टेकू कम्प्युटर रिपेर करे ना. माह्या पोराच्या मोबाईलचा काच बदलून देतो म्हणे, राहून गेला बिचारा." तुझी आयुष्यभराची विद्या त्यानं मोबाईलच्या काचेवर आणून ठेवली. मी चहा घेतला अन् आपल्या कामाच्या वरच्या खोलीत निघून गेलो.

त्या घरात बसलेल्या एकालाही तुझं काम काय होतं ते ठाऊक नव्हतं. तू असतास तर म्हणाला असतास, "कायले सांगून राहिला बे, त्यायले का करायचं आहे?" तरी सांगतो. तू थांबवायला नाहीस, अन् मला आता कोणाला तरी सांगायचं आहे.

धानाच्या मिलमध्ये उसन्या, म्हणजे धान उकडून वाळवलेल्या, तांदळाचा ड्रायर असतो. त्यावर आपल्या कंपनीचा डबा बसवलेला असतो. किती तापलं, किती वाळलं ते डबा बघतो अन् भट्टीची हवा कमीजास्त करतो. त्या डब्याच्या पोटात सगळ्यात तळाशी जो प्रोग्राम चालतो तो कर्नल. तो अडला की सगळं अडलं. जगात कर्नल सारखा नवा होत असतो, पण मिलवाला काही डबा बदलत नाही. त्याला नवं काहीच नको असतं, फक्त हंगामात बंद पडू नये एवढंच. म्हणून एक जुना कर्नल पक्का धरून ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही, अन् नव्या कर्नलमध्ये कोणी कुठली खोट दुरुस्त केली की तेवढीच दुरुस्ती, तेवढाच पॅच, उचलून जुन्यात आणून बसवायचा. स्वतःची हुशारी त्यात घालायची नाही. वर मूळ दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, खाली आणणाऱ्याची सही. तू आणलेलं सगळं उघड्यावर ठेवलेलं असायचं, जगात कोणीही घ्यावं. कुठकुठल्या देशांतले लोक ते घ्यायचे, त्यांची मशीनं कसली हेही आपल्याला माहीत नसायचं.

उभी हयात तू यात घातलीस. दुसऱ्यांच्या दुरुस्त्या वाहून आणण्यात. मला तुझी कीव यायची, हे तुला तोंडावर सांगितलं होतं, आजही सांगतो. तुझ्याइतकी अक्कल असलेला माणूस नवं काहीतरी उभं करतो. तू म्हाताऱ्या कर्नलच्या उशाशी बसून त्याला चमच्यानं औषध पाजत राहिलास.

नवेगाव बांधला गेलो होतो आपण, आठवतं? दोघांची घरं मिळून, तलावाच्या पाळीवर. खाली ढिवर जाळी झाडत होते, वहिनी अन् माझी बायको मासे घ्यायला उतरल्या होत्या. अन् तू? तू मोबाईलवर माझा पॅच उघडून बसला होतास. मी म्हटलं, टेक्या, आता पुरे झालं, साहेबांना सांगू, नवा कर्नल टाकू सगळ्या डब्यांत, एकदाचा त्रास संपंल. तू डोळे वर न करता म्हणालास, "नवा टाकला अन् ड्रायर पेटला तं मिलमंदी तू जाशील का मी?"

"काही पेटत नाही. तू भित्रा आहेस."

"हाव, आहो मी भित्रा. ही तिसरी ओळ काऊन टाकली?"

"मूळ पॅचमध्ये आहे म्हणून."

"मूळ पॅचमंदी आहे म्हणून तू विहिरीत उडी घेशीन? आपल्याकडं कायले पाहिजे ते सांग."

मी म्हटलं, "अबे, साफ बसला ना तो! एक तक्रार नाही आली." तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस, अन् ते बघणं मला मरेपर्यंत आठवणार. इतक्या तुच्छतेनं माझ्याकडे कोणी बघितलेलं नाही. "साफ बसला म्हणजे का होते बे? टोपी तं कोणाच्याबी डोक्यावर बसते."

आपल्या धंद्यात सगळे इथंच माती खातात. नव्यातला पॅच जुन्यावर लावून बघायचा, मशीन कुरकुरलं नाही की खूश, पुढचा. पण पॅच ओळींवर बसतो, अर्थावर बसत नाही. ती दुरुस्ती नव्या कर्नलमधल्या आधीच्या एखाद्या बदलावर टेकून उभी असते अन् तो बदल आपल्या जुन्यात कधी आलेलाच नसतो. तसं करणाऱ्यांना तू ज्या शिव्या द्यायचास त्या इथं लिहिता येत नाहीत. ते भांडण पाळीवरच राहिलं. बायका मासे घेऊन वर आल्या, वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं जेवाले आले का कचेरीत आले?" नवा की जुना, याचा निकाल लागलाच नाही. मी अजूनही म्हणतो नवा. तू मेलास म्हणून मी मत बदलणार नाही.

पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. माझी एकही ओळ तू तशीच जाऊ दिली नाहीस. प्रत्येक ओळीला काऊन. तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटायचा. आज वाटतं, मला इतकं मन लावून आयुष्यात कोणी वाचलं नाही. बायकोनंही नाही, अन् तिनं तर माझ्याशी लग्न केलं आहे. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू महिनाभर मला चिडवलं असतंस, म्हणून म्हटलं नाही. आता वाटतं, म्हणायला पाहिजे होतं.

तर ऐक, तू गेल्यावर काय झालं ते. गोरेगावच्या मिलमधून फोन आला. ड्रायरवरचा मिस्त्री. "भाऊ, टेकचंदभाऊचा फोन लागून नाई राहिला." मी सांगितलं. तो म्हणाला, "अरे रे. बरं, आता कोणाले सांगू मंग? डबा जिथल्या तिथं आटकून राहिला. आकडा हलत नाई अन् भट्टी चालूच. धान लाल झालं सारं. मी हातानं हवा बंद केली म्हणून बरं." त्याच्या बोलण्यात तेवढंच दुःख होतं अन् तेवढंच काम. ऑनलाइन सभेतल्या सगळ्या चौकोनांपेक्षा मला तो बरा वाटला.

मी तुझ्या वरच्या खोलीत जाऊन बसलो अन् शोधत गेलो. डबा मधूनच कधीतरी अडतो, नेहमी नाही. असली खोट शोधायला तुझ्यासारखा चिवट माणूस लागतो अन् मी चिवट नाही. तरी सापडली. तुझ्या शेवटच्या पॅचमध्ये सापडली, टेकचंद.

नव्या कर्नलमध्ये कोणीतरी आधीच, एका वेळी एकच काम आत शिरावं म्हणून, बाहेरच्या फाटकाला कुलूप लावलं होतं. मग एका बाईनं बघितलं, की आतल्या दारालाही कुलूप आहे, दोन कुलपांत माणूस मध्येच कोंडतो. तिनं आतलं काढलं. अगदी बरोबर केलं. तू ती दुरुस्ती उचललीस, आपल्या जुन्यात आणलीस, आतलं कुलूप काढलंस. अन् आपल्याकडे फाटकच नव्हतं! आता दोन कामं एकाच वेळी एकाच खोलीत घुसतात अन् एकमेकांची मान धरून बसतात. अन् पॅच? पॅच साफ बसला होता. एक तक्रार आली नव्हती.

मी हसलो. खरंच सांगतो, तुझ्या खुर्चीत बसून एकट्यानं खो खो हसलो. साफ बसला म्हणजे का होते बे! टोपी! अन् मग इतका रडलो की खालून वहिनींनी हाक मारली.

हा पॅच माझ्या डोळ्यांखालून गेला नव्हता. मी मावसभावाच्या लग्नाला बालाघाटला होतो. तू फोनवर म्हणालास, "तू ये, मंग टाकू." पण साहेबांना घाई. कुठल्या तरी मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. "वाचून पाहिलं" अशी दुसऱ्या माणसाची ओळ तळाशी लागतेच, तिथं त्यांनी स्वतःचं नाव ठोकलं अन् पॅच पाठवून दिला. वाचून पाहिलं म्हणे! त्यांना कुलूप कुठलं अन् किल्ली कुठली. तरी चूक तुझीच होती. तू थांबायला पाहिजे होतंस अन् थांबला नाहीस.

दुरुस्ती सोपी होती, मी लिहिली. खरा प्रश्न तिच्यासोबतच्या निरोपाचा. आपला रिवाज तुला सांगायला नको, तूच मला शिकवलास: दुरुस्ती लिहिली की खाली ओळ टाकायची, कोणत्या पॅचनं ही खोट घातली. अन् आणताना चुकलं असेल तर कोणाकडून चुकलं तेही साफ लिहायचं. तू स्वतःच्या नावानं अशा ओळी किती वेळा टाकल्यास! साहेब एकदा म्हणालेही होते, कशाला जाहिरात करता? तू म्हणालास, "तो पॅच ज्यायनं ज्यायनं उचलला, त्यायले कसं समजंल का सोबत हीबी उचलाची आहे?" त्यावर साहेबांनी विषय बदलला होता.

मी साहेबांना निरोप दाखवला. लगेच फोन. आवाज असा मऊ की साय.

"हेमराज, अहो, ते गेले आता. गेलेल्या माणसाच्या नावावर चूक लिहायची? बरं दिसतं का? वहिनींना काय वाटेल?"

"मग काय लिहू?"

"'स्थिरता सुधारली' एवढंच लिहा. छान वाटतं वाचायला."

छान वाटतं! मी म्हटलं, "साहेब, त्या पॅचच्या वर मूळ बाईंचं नाव आहे. खुलासा केला नाही तर बघणाऱ्याला वाटेल त्यांचीच दुरुस्ती खोटी."

"कोण बाई?"

"ज्यांनी लिहिली त्या."

"त्या कुठं आपल्याकडे बघायला येतात, हेमराज?"

"अन् ज्यांनी आपल्याकडून उचलला आहे ते? त्यांची मशीनं अडतील त्याचं काय?"

"ते आपले गिऱ्हाईक नाहीत," साहेब म्हणाले, अन् मग पुन्हा साय. "मी टेकचंदजींच्या सन्मानासाठी बोलतोय."

सन्मान! तुझ्या सहीच्या खाली कोणाचं "वाचून पाहिलं" आहे ते मी तेव्हा बोललो नाही. त्यांनाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. तुझ्या फोटोमागं लपून बसायला निघाला होता हा माणूस. मेणबत्ती का लावली होती ते मला त्या दिवशी समजलं.

पण एक सांगू? वहिनींचं नाव काढलं अन् मी अडलो. साहेबांची लायकी मला माहीत आहे, पण वहिनींचं काय? घर माणसांनी भरलेलं, जो तो देवमाणूस देवमाणूस करून राहिलेला, अन् मी तुझा दोस्त, जगासमोर तुझी चूक टांगणार. निरोप तसाच ठेवला, अन् निरोपाशिवाय दुरुस्ती जात नाही, म्हणून तीही अडली. तिकडं मिस्त्री रोज विचारायचा, "भाऊ, झालं का?" अन् हातानं हवा बंद करत बसायचा.

तेरवी झाली. पंगती उठल्या, मांडववाला मांडव सोडायला लागला. वहिनी ओसरीवर सतरंज्या झटकून घड्या घालत होत्या. मी एक टोक धरलं. म्हटलं, "वहिनी, टेकचंदची एक चूक निघाली."

"मोठी?"

"मिलमध्ये धान लाल झालं. माणसाला काही नाही झालं. दुरुस्त केली मी. पण साहेब म्हणतात, त्याचं नाव लिहू नका."

"मंग कोणाचं लिहून राहिले?"

"कोणाचंच नाही. म्हणजे… दुसरीच एक बाई आहे, परदेशातली. नाही लिहिलं तर तिच्यावर जाईल."

"तिची चूक हाये का?"

"नाही."

वहिनींनी सतरंजी खाली ठेवली. इतक्या दिवसांत मी त्यांना रागावलेलं बघितलं नव्हतं. "मंग तिच्यावर काऊन टाकून राहिले, भाऊजी? त्यायची चूक हाये तं त्यायचंच नाव टाका. जो येते तो सांगते, देवमाणूस होता. मी का देवासंगं संसार केला का? भांडखोर होते, हट्टी होते, माह्या भाजीतबी खोट काढत. पण स्वतःचं दुसऱ्याच्या गळ्यात नाई घातलं कधी. तुम्ही लोकं त्यायले पुसून टाकून राहिले." अन् मग रडू आलं त्यांना. तेराव्या दिवशी, टेकचंद, पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. मी सतरंजीचं टोक धरून तसाच उभा.

मग वर गेलो अन् लिहिलं. मूळ दुरुस्ती बरोबर आहे. ती जुन्या कर्नलमध्ये आणताना तिच्या आधीचा बदल टेकचंदकडून राहून गेला. वाचून पाहणाऱ्याच्याही ध्यानात आलं नाही. खाली तुझ्या पॅचची खूण, खाली माझी सही. साहेबांना न विचारता पाठवून दिलं. त्यांचा फोन आला, यावेळी साय नव्हती. मी म्हटलं, "वाचून पाहिलं ना साहेब तुम्ही?" त्यांनी फोन ठेवला. नोकरी राहील की जाईल ते बघू. हंगामात दुसरा माणूस आणतील कुठून!

त्या बाईंचं उत्तर आलं, दोन ओळींचं. तुझ्याबद्दल वाईट वाटलं म्हणाल्या अन् खुलाशाबद्दल आभार मानले. आणखी कुठल्या तरी देशातल्या एकानं लिहिलं, की त्यांच्या पाण्याच्या पंपावरची मशीनं अशीच अडत होती, कारण सापडत नव्हतं, तुमची ओळ बघून दुरुस्ती उचलली. गोरेगावचा ड्रायर चालू आहे. हे सगळं ऐकायला तू पाहिजे होतास. नाक उडवून म्हणाला असतास, "आभार कायले मानते, चूक होती ती."

मोक्षधामात मी होतो. लाकडं मी रचली, तुझे पाय मी धरले होते. घरी येऊन आंघोळ केली, तेरवीला जेवलो, अन् तरी मनात कुठंतरी होतं की हा येईल अन् खेकसेल. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा दाराकडे पाठ करून बसलो होतो. उभ्या जगासमोर मी लिहिलं, की टेकचंद चुकला. काऊन लिहिलं म्हणून विचारायला तू आला नाहीस. मी बराच वेळ वाट बघितली. तेव्हा कुठं पटलं मला, की तू मेलास.